गोळीचं नाव

आपल्या कोकणी मुस्लिम समाजात वयात आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर तिच्याआधी सगळ्या मोहल्ल्याचा हक्क असतो. मेहंदीला जा, अकीक्याला जा, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवणारी एखादी चाची भेटतेच. “काय गं हे? कुठे दाखवलं की नाही?” मग उपाय सुरू होतात. मुलतानी माती, लिंबाचा रस, उगाळलेलं जायफळ. आंबा बंद, सुकी मासळी बंद. आम्ही दोघी बहिणी या सगळ्यातून गेलो. दोघींमध्ये सात वर्षांचं अंतर आहे, पण मुरूम सारखेच. जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर येणारे, खोल, दुखरे, गेले तरी डाग ठेवून जाणारे. म्हणून हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. कोणता अनुभव कोणाचा हे सांगण्यापुरतं ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ म्हणू. बाकी सगळं आमचं दोघींचं.

आमचं गाव अंजनवेल. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. पलीकडच्या काठावर दाभोळ, गावाच्या डोक्यावर गोपाळगड. एनरॉनच्या वीज प्रकल्पामुळे नव्वदच्या दशकात आमच्या भागाचं नाव देशभर गाजलं. २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस या नव्या कंपनीच्या हाती गेला. एवढं सगळं झालं, तरी कातडीच्या किंवा बायकांच्या डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की आम्हांला आधी गुहागर आणि तिथून पुढे चिपळूण गाठावं लागायचं. एसटीत सकाळ जायची, दवाखान्याच्या बाकावर दुपार. डॉक्टरांसमोर मिळायची ती पाच मिनिटं.

डॉक्टरकडे जाण्याआधीचा टप्पा म्हणजे मलम. घरोघरचे पुरुष कुवेत, दुबई, सौदीला. त्यांच्या बॅगेतून अत्तर, दुधाची पावडर आणि गोरेपणाचं मलम येतं. नाही आलं तर तसलंच इथल्या दुकानात मिळतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात. मलम थांबवलं की दुप्पट जोराने उठतात. त्यातलं स्टिरॉइड हेही संप्रेरकाच्याच जातीचं औषध आहे, हे कोण सांगणार? देशातल्या अनेक त्वचारोग विभागांत मिळून झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावत होते. त्यांतल्या नव्वद टक्क्यांना त्याचा त्रास झाला होता आणि सर्वांत जास्त आढळलेला त्रास म्हणजे मुरूमच. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तो आमच्या बाजारपेठेपर्यंत किती पोहोचला हे वाचकांनी आपापल्या गावच्या दुकानात जाऊन पाहावं.

आमच्या अम्मीचा मलमांवर विश्वास नव्हता. थोरली एकवीस वर्षांची असताना, २०१२ च्या उन्हाळ्यात, अम्मी तिला चिपळूणला घेऊन गेली. पाळी दोन-दोन महिने येत नव्हती, ओठांवर लव दाट होत होती. सोनोग्राफी झाली आणि ‘पीसीओडी’ हा शब्द आमच्या घरात आला. बीजांडकोशात बारीक बारीक गाठींसारखं दिसतं, पुरुषी संप्रेरकं प्रमाणापेक्षा जास्त होतात, त्यामुळे त्वचेखालच्या तेलग्रंथी जास्त काम करतात आणि मुरूम उठतात. आपल्यालाच हे झालं असं तेव्हा थोरलीला वाटलं होतं. पुढे मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची एक पाहणी वाचनात आली. २०१४ साली छापलेल्या त्या पाहणीत एका निकषाने साडेबावीस टक्के आणि दुसऱ्या, अधिक कडक निकषाने जवळजवळ अकरा टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला होता. म्हणजे मदरशाच्या एका चटईवर दहाजणी बसल्या तर त्यांत एखादी तरी आमच्यासारखी असणारच.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस बंद. तिच्यात दोन औषधं असतात. एक इस्ट्रोजेन, जे रक्तातल्या मोकळ्या पुरुषी संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतं. दुसरं सायप्रोटेरॉन, जे त्या संप्रेरकाला त्वचेपर्यंत जाऊन काम करू देत नाही. तिचा परिणाम दिसायला तीनएक महिने लागतात. ती गर्भही राहू देत नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी आम्हांला सांगितलं नाही. रक्तदाब पाहिला नाही, घरात कोणाला कसला आजार आहे हे विचारलं नाही. चिठ्ठी दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

ते शेवटचं वाक्य आम्हांला शेजारणीकडून कळलं. गोळ्यांच्या पाकिटावर वारांची नावं असतात आणि एका गोळीकडून दुसरीकडे जाणारे बाण. सरकारी माला-एनच्या पाकिटाशी त्याचं साम्य ओळखायला शिक्षण लागत नाही. “ही तर पाळणा लांबवायची गोळी! कुंवार पोरीला?” शेजारीण हळूच म्हणाली, पण अम्मीच्या कानांत ते बांगीसारखं घुमलं. त्या दिवसापासून पाकीट तांदळाच्या डब्यात गेलं. थोरलीला रात्री सगळे निजल्यावर डबा उघडावा लागायचा, झाकणाचा आवाज न करता.

गोळीने त्रास दिला का? दिला. पहिल्या महिन्यात रोज सकाळी मळमळ, इतकी की चुलीवरच्या चहाचा वास नको व्हायचा. मळमळणारी कुंवार मुलगी म्हणजे घरात आणखी एक भीती. छाती दुखायची, डोकं दुखायचं. तिसऱ्या महिन्यापासून चेहरा खरोखर साफ झाला, हेही सांगायला हवं. पण त्याच सुमारास थोरली गप्प झाली. कारण नसताना डोळे भरून यायचे, पडवीत तासन्‌तास खाडीकडे बघत बसायची. घरात म्हणाले, शादीचं मनात आलं असेल. डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना नैराश्याची औषधं सुरू करावी लागण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं आणि किशोरवयीन मुलींत ते सर्वांत ठळक होतं. गोळीमुळेच प्रत्येकीला तसं होतं असा याचा अर्थ नाही. पण मुलगी अचानक बदलली तर औषधाकडे एकदा बघावं एवढं तरी यातून कळतं. आता युरोपात अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकावर तशी सूचना असते.

आणखी एक त्रास असा, ज्याबद्दल कोणत्याच माहितीपत्रकात आमच्या कामाचं काही लिहिलेलं नसतं. पाकिटाच्या मध्येच, पाळीचे दिवस नसताना, थेंब थेंब रक्त जायचं. सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं आणि पुढे थांबतं. पण त्या वर्षीचा रमजान ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये होता. रोजा धरायचा की नाही? नमाजचं काय? आम्हा कोकणी लोकांच्या शाफई मसलकात हैजची कमीत कमी मुदत एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि दोन पाळ्यांच्या मधली पाकी कमीत कमी पंधरा दिवसांची. गोळीच्या रक्ताने हा सगळा हिशेब विस्कटला. मौलवीसाहेबांना विचारायचं तर गोळीचं नाव घ्यावं लागणार. शेवटी नानीने बोटांवर दिवस मोजले, चुकलं-बरोबर पुन्हा पुन्हा पडताळलं आणि तोडगा काढला. नानीने एक अक्षर जास्त विचारलं नाही. आमच्या घरात त्या वर्षी एवढा समजूतदारपणा दुसऱ्या कोणी दाखवला नसेल.

वर्षाच्या शेवटी थोरलीच्या गालांवर तपकिरी वांग उठला. इस्ट्रोजेन आणि ऊन एकत्र आले की असं होऊ शकतं, आणि आमच्याकडे उन्हाला काय तोटा! मुरूम गेले म्हणून खूश असलेल्या चाच्या आता वांगासाठी हनुवटी धरू लागल्या. चौदा महिन्यांनी थोरलीने डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली.

याच घरातली दुसरी गोष्ट वाचकांनी शेजारी ठेवून पाहावी. आमची खाला हजला निघाली तेव्हा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या तिच्या सामानाच्या यादीत एहरामच्या खालोखाल लिहिलेल्या होत्या. मामूने त्या दुकानातून आणल्या. कोणत्या दिवसापासून घ्यायच्या यावर अंगणात बसून चर्चा झाली, मर्दांसमोर. त्याही संप्रेरकाच्याच गोळ्या. त्यांतल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून त्याही प्रत्येकीला चालतात असं नाही. पण त्यांचं नाव घ्यायला कोणाची जीभ अडखळली नाही. कारण नेक होतं. आमच्या मुरूमांच्या गोळीला मात्र तांदळाचा डबा.

२०१९ साली धाकटी एकवीस वर्षांची झाली. मुरूम, पाळी, सोनोग्राफी, सगळं तसंच, आणि दुसऱ्या दवाखान्यात तीच गोळी. तिला मळमळ झाली नाही, मन खचलं नाही. चेहरा नितळ झाला आणि ती आनंदात होती. पाचव्या महिन्यात ती मुंबईहून रातराणीने आली, नऊ तास एका जागी बसून. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. संध्याकाळपर्यंत उजवीपेक्षा जाड, गरम आणि तांबूस झाली. अम्मीने तेल लावायला घेतलं. धाकटी म्हणाली, “तेल नको, डॉक्टर.”

चिपळूणच्या त्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि सरळ विचारलं, “काही गोळ्या चालू आहेत का?” धाकटीने तोंड उघडण्याआधी अम्मी म्हणाली, “नाही, काही नाही.” बाहेर गावातलीच दोन माणसं बसली होती आणि दार नीट लागत नव्हतं. धाकटीने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटून पाहिलं, आवाज खाली केला आणि अम्मीला विचारलं, “घरात कधी कोणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती? आईला, बहिणीला?”

अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला झाली होती. हिच्या वेळेला.”

१९९८ साली धाकटीच्या जन्मानंतर अम्मी तीन आठवडे मुंबईच्या इस्पितळात होती. थोरली तेव्हा सात वर्षांची होती. तिला आठवत होतं ते एवढंच, की बाळ घरी आलं आणि अम्मी उशिरा आली. पायात गुठळी झाली होती, पोटावर सुया टोचत होते, पुढे कित्येक महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या होत्या. हे बाळंतपणाचं बोलणं, म्हणून ते पोरींसमोर निघालं नाही. आणि आमच्या गोळ्यांचं बोलणं गर्भाचं, म्हणून ते कोणासमोर निघालं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे समजण्यासाठी त्या एकदा एका खोलीत बोलल्या जायला हव्या होत्या. एकवीस वर्षं तसं झालं नाही.

रक्त तपासलं, पायाची डॉपलर झाली. अल्हम्दुलिल्लाह, गुठळी निघाली नाही. पण ज्या मुलीच्या आईला अशी गुठळी होऊन गेली आहे तिला ही गोळी सहसा देत नाहीत, म्हणून ती त्याच दिवशी बंद झाली. थोरलीनेही चौदा महिने तीच घेतली होती हे आठवून त्या रात्री आम्हां दोघींना झोप लागली नाही.

वाचकांना घाबरवण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून आकडेही सांगतो. कोणतीही गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण स्त्रियांमध्ये वर्षभरात सुमारे दोघींना अशी गुठळी होते. माला-एनमध्ये असतं त्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्या घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, आणि आमची गोळी त्याच्या दीड ते दोन पटीच्या गटात मोडते. म्हणजे दहा हजारांतल्या बहुसंख्य मुलींना काही होत नाही. बाळंतपणातला धोका याहून जास्त असतो. फ्रान्सने २०१३ साली डायान-३५ या गोळीची विक्री थांबवायचं ठरवलं, कारण पंचवीस वर्षांतले चार मृत्यू तिच्याशी जोडले गेले होते. त्याच वर्षी युरोपच्या औषध संस्थेने सगळं तपासून निर्णय दिला की गोळी राहू द्यावी, पण लावायच्या औषधांनी आणि अँटिबायोटिकने गुण आला नाही अशाच मुलींना, धोका पारखून द्यावी. एका पायाला सूज, अचानक धाप, छातीत कळ, कधी नव्हे अशी डोकेदुखी, दिसण्यात अंधारी, यांतलं काही झालं तर वाट पाहू नये. आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगावं.

शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या समाजात आज मुली शिकतात, नर्स होतात, फार्मसी करतात. तरी दवाखान्यात मुलीच्या वतीने उत्तर आईच देते आणि आईच्या डोळ्यांसमोर मुलीची तब्येत नसते, बाहेरच्या बाकावरची माणसं असतात. त्यात आईचा दोष किती धरायचा? तिने जे ऐकलं, सोसलं, त्यातूनच ती शिकली. पण औषधाला लाज नसते. ते अंगात जाऊन आपलं काम करतं, बरंही आणि वाईटही. कुंवार मुलीने घेतलं म्हणून ते वेगळं वागत नाही.

धाकटीचे मुरूम परत आले. आता लावायच्या औषधांवर ते पुष्कळसे आटोक्यात आहेत, सगळे गेलेले नाहीत. घरी एक वही केली आहे. घरातल्या प्रत्येकाला चालू असलेल्या औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख तीत लिहितो. ती ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी असते. मामूच्या मुलीला मागच्या वर्षी पीसीओडी निघालं तेव्हा दवाखान्यात जाताना ती वही सोबत घेऊन गेली. पहिल्या पानावर अम्मीने तिच्या उर्दू शाळेतल्या सुंदर अक्षरात स्वतः लिहिलं आहे: सन १९९८, बाळंतपणानंतर, डावा पाय.