काळजाचे ठोके मोजताना

माझे बाबा ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. यंदा मलाही ४६ वे लागले, आणि मी सायकल काढली की घरच्यांच्याच छातीत धडधड सुरू होते. डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका. पण चढावर ठोके १४० च्या वर नेऊ नका." आता ते मोजायचे कसे?

चवथीच्या बोनसातून हौसेने मनगटी घड्याळ घेतले होते. केरीहून हरमलचा चढ चढताना मी भात्यासारखा धापा टाकतोय आणि घड्याळ दाखवते ९२! ही घड्याळे हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची चाल पाहतात. हँडल घट्ट धरले, रस्त्याने हादरे दिले, की बावचळतात. छातीचा पट्टा हृदयातले विद्युत् ठोकेच टिपतो, म्हणून सायकलीवर तो जास्त भरवशाचा. पुन्हा खर्च म्हणजे कारकुनाच्या घरात भांडण. पण बिनपडद्याचा साधा पट्टा घड्याळाच्या निम्म्या किमतीत आला. ब्लूटूथने आकडा फोनवर दिसतो. पट्टा आधी ओला करायचा असतो म्हणे. आमच्या किनाऱ्यावर ते काम घामच करतो! घरी आल्यावर मात्र धुवायचा, आणि यंत्र काढून ठेवायचे, नाहीतर सेल उतरतो.

२२० वजा वय हे गणित ढोबळच. मी डॉक्टरांचाच आकडा धरतो.

काल त्याच चढावर १४३ दिसले. निमूट उतरलो, सायकल ढकलत वर नेली. परतताना तेरेखोलच्या फेरीधक्क्यावर बसून राहिलो. आकडा ८४ वर आला तेव्हा घरी फोन केला, "चहा ठेव, येतो."