खंडाळ्याची वाफ, कोवलमचा पंखा

पूर्वी गाडी तापायची ती चढावर. आता तापते ती उभ्या जागी. चाळीस वर्षांत मोटारीच्या पोटात काय काय बदललं, ते या एवढ्या फरकावरून कळतं.

चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर, महाबलीपुरमच्या अलीकडे कोवलम लागतं. केरळातलं प्रसिद्ध कोवलम वेगळं. हे कोळ्यांचं गाव, आता सर्फिंगसाठी आणि 2021 साली ‘ब्लू फ्लॅग’ मिळालेल्या किनाऱ्यासाठी ओळखलं जाणारं. रस्ता तळहातासारखा सपाट. घाट नाही, साधा चढही नाही. तरीही मे महिन्यात, इथली माणसं ज्याला ‘कत्तिरी’ ऊन म्हणतात त्या दिवसांत, रविवारी संध्याकाळी परतीच्या रांगेत बोनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. आम्हा चेन्नईकर मराठी मंडळींना ते बोनेट पाहिलं की हटकून खंडाळ्याचा बोरघाट आठवतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण खुला झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे खोपोली मागे टाकून घाटाला भिडायचं. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि पुढच्या वळणांवर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवायचं. कडेला फियाट, अँबेसेडर, ट्रक बोनेट वर करून उभे. वाफेचा फुसफुसाट, तापलेल्या रबराचा वास, चाकामागे लावलेले दगड. डिकीत पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं नसेल, तर वडील गाडी दाराबाहेर काढत नसत. सगळ्यांनी खाली उतरायचं, अर्धा तास थांबायचं, आईने डबा उघडायचा. त्या थांबण्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. घाट म्हटला की गाडी दम खाणारच, हे सर्वांनी धरलेलंच असे.

त्यामागचं कारण सरळ होतं. त्या गाड्यांचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून बसवलेलं. त्याच्या तोंडाशी पंखा, आणि तो पट्ट्याने थेट इंजिनवर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर सगळा भार, गाडीचा वेग मात्र जेमतेम. त्यामुळे समोरून वारा नाही आणि उष्णता भरपूर. पाण्याचा पंप आणि डायनॅमोही त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला की पंखा, पंप आणि चार्जिंग तिन्ही एकदम बंद, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा. म्हणून जाणता माणूस जादा पट्टा बरोबर ठेवी. दोष शोधायला हत्यार लागत नसे. पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचा, रबरी नळी चाचपायची, रेडिएटरखाली ओल आहे का ते बघायचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, गळला तर गल्लीतला कारागीर डाख देऊन द्यायचा, चोंदला तर टाक्या उघडून नळ्यांतून सळी घालून साफ करायचा.

मग 1983 साली मारुती 800 आली आणि आडव्या इंजिनाच्या गाड्या घरोघरी पोचल्या. इंजिन आडवं बसल्यावर त्याचं तोंड बाजूला गेलं, रेडिएटर मात्र पुढेच राहिला. पट्ट्याचा पंखा त्याच्यापुढे आणणं अवघड झालं, म्हणून विजेची मोटर लावलेला पंखा आला. चेन्नईच्या परिसरातही 1998 पासून श्रीपेरंबुदूरजवळच्या कारखान्यातून सँट्रो बाहेर पडू लागली आणि असे पंखे रस्तोरस्ती फिरू लागले. पाणी ठरावीक तापमानाला, साधारण पंच्याण्णव अंशांच्या आसपास पोचलं की पंखा सुरू. निवलं की बंद. इंजिन हळू चालत असलं तरी पंखा पुऱ्या जोराने फिरतो. घाटात आता फारशा गाड्या उकळत नाहीत, त्यामागे या पंख्याचाही वाटा आहे.

पण हा पंखा बंद पडला तर बराच वेळ कळतच नाही. ऐंशीच्या वेगाने जाताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. खरं रूप दिसतं ते टोलनाक्याच्या रांगेत. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न आजही जुनाच: गाडी तापते कधी? उभी असताना तापत असेल आणि धावू लागली की निवत असेल, तर संशय पंख्यावर. उभी असताना ठीक आणि वेगात तापत असेल, तर चोंदलेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट पाहावा. पाणी वारंवार कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येताहेत, इंजिन ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटची काळजी करावी.

गेल्या उन्हाळ्यात कोवलमच्या फाट्याजवळ एका वयस्क मेकॅनिकला हे काम करताना मी शेजारी उभं राहून पाहिलं. गाडीवाल्याने सांगितलं, “अण्णा, आधी एसी गार करेनासा झाला, मग काटा चढला.” अण्णांनी मान डोलावली. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. उभ्या गाडीत पंखा थांबला की पहिली तक्रार एसीच करतो. त्यांनी रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरऐवजी साधारण एकशेवीस अंशांपर्यंत न उकळता राहतं आणि झाकण उघडताच उसळून अंगावर येतं. गाडी निवल्यावर कूलंटची पातळी पाहिली. इंजिन सुरू करून एसी लावला. पंखा फिरायला हवा होता, फिरला नाही. फ्यूज पाहिला, शाबूत. हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी बसवला, तरी काही नाही. मग पंख्याचा प्लग सोडवला आणि दोन वायरींनी बॅटरीचा करंट थेट मोटरला दिला. पंखा भिरभिरला. म्हणजे मोटर चांगली, दोष वाटेत. प्लगच्या आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर चढलेला तो गंज. पिना घासून स्वच्छ केल्या, प्लग घट्ट बसवला, पंखा चालू.

खंडाळ्यात पट्टा, कोवलमात पिन. डोळ्यांची आणि बोटांची गरज तेव्हाही होती, आताही आहे. आज स्कॅनर जोडला की तापमानाचा आकडा दिसतो, कोड मिळतो, आणि त्याने कामाला मोठीच मदत होते. पण कोड फार तर सर्किट दाखवतो. त्यातली नेमकी कुठली पिन गंजली, ते माणसालाच शोधावं लागतं. काही नव्या पंख्यांना स्वतःचा नियंत्रक असतो. त्यांना असा थेट करंट देऊ नये. आणि बंद गाडीतही गरम असताना पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात दूरच ठेवावा.

पाण्याची गोष्टही बदलली आहे. घाटात झऱ्याचं पाणी बिनदिक्कत ओतलं जाई. आजचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. डाख लागत नाही, टाकी चिरली की बहुधा अख्खा रेडिएटर बदलायचा. त्यात समुद्राकाठच्या बोअरचं खारट, जड पाणी गेलं तर तो आतून खाल्ला जातो. म्हणून डिकीत कॅन आजही असावा, पण कूलंटचा.

जुने दिवस सोयीचे नव्हते आणि ते परत यावेत असं मी म्हणणार नाही. अर्ध्या रस्त्यात कडेवर मूल घेऊन ताटकळणाऱ्या आईला घाटातली वाफ रम्य वाटत नसे. परत यावी ती एकच गोष्ट, काटा. अनेक छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटा गेला आणि त्या जागी फक्त दिवा आला. काटा हळूहळू चढताना दिसतो, विचार करायला वेळ देतो. लाल दिवा लागतो तेव्हा पाणी आधीच धोक्याच्या पलीकडे गेलेलं असतं. दहा-वीस लाखांच्या गाडीत स्क्रीन बसवणाऱ्या कंपन्यांना एक काटा जड होऊ नये. तो मिळेपर्यंत महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून एसी लावावा, बोनेट उघडावं आणि पंखा फिरतो का ते बघावं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते टोलनाक्याच्या रांगेत करण्यापेक्षा घरच्या अंगणात केलेलं बरं.