परीक्षेवांचून

साठी उलटल्यावर पुन्हां बांकावर जाऊन बसण्याची बुद्धि मला कां झाली, हें आमच्या घरांत अजून नीटसें उमगलेलें नाहीं. "पदवी नाहीं, परीक्षा नाहीं, मग पैसे भरून जातां तरी कशाला?" हा पत्नीचा प्रश्न. नातवाचा त्याहून अवघड: "आजोबा, नापास झालांत तर?" ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत वर्गीकरण आणि तालिकीकरण या दोनच विषयांना, पदवीची अपेक्षा न धरतां बसण्याची मला परवानगी मिळाली होती, नापास होण्याचा अधिकार तींत नव्हता.

खरें कारण वडिलांचीं दोन कपाटें. देवनार म्हटलें कीं मुंबईकराला 1927 पासूनची कचऱ्याची टेकडी आठवते, फार तर 1971 चा कत्तलखाना. 1954 सालीं टाटा समाजविज्ञान संस्था आपल्या ग्रंथांसह येथें आली, हें कोणी आठवीत नाहीं. शहराचें टाकाऊ जेथें येऊन पडे, तेथें आमचे वडील गोवंडीच्या रद्दीवाल्याकडून पुस्तकें उचलून आणीत. सहाशें जमलीं. ते गेल्यावर वसाहतींतल्या मंडळींनीं वाचनालयासाठीं तीं मागितलीं, आणि शास्त्रशुद्ध लावून देण्याचें मीं कबूल केलें.

वर्गांत मौज होती. मेल्व्हिल ड्यूई यानें 1876 सालीं अवघें ज्ञान दहा वर्गांत बसविलें; त्यांतल्या धर्माच्या वर्गाचा बहुतेक भाग ख्रिस्ती धर्मानें व्यापला आणि आपल्यासह बाकीचे सारे 290 च्या दाटींत. मराठी वाङ्मयाचा पत्ता 891.46, म्हणजे दशांशचिन्हाच्याहि पलीकडे! यावर उतारा शोधणारे रंगनाथन् मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला शिकावयास गेले, आणि तेथल्या एका दुकानांत मेकॅनोचें खेळणें पाहून सुट्या भागांच्या जुळणीची द्विबिंदु पद्धति त्यांना सुचली. शेजारच्या बांकावरच्या मुली हें परीक्षेसाठीं टिपून घेत. मी निवांत ऐकत बसें.

घरीं येऊन चिठ्ठ्या डकवूं लागलों, तेव्हां अडलें. वडिलांनीं पुस्तकें विषयवार लावलींच नव्हतीं. त्यांच्या नोंदवहींत लेखकांपेक्षां माणसेंच अधिक. 1982 च्या संपानंतर गांवीं परतलेल्या एका गिरणीकामगार शेजाऱ्याचीं दोन पुस्तकें, हरिपाठाचें आणि होमिओपॅथीचें, त्यांनीं जवळजवळ ठेवलेलीं. शास्त्राप्रमाणें एकानें 294.5 त जावें, दुसऱ्यानें 615 त. आईच्या शेवटच्या आजारांत तिला वाचून दाखविलेलीं तीन पुस्तकें एका खणांत होतीं: पाकशास्त्र, शिवणकाम आणि एक कवितासंग्रह. (पथ्यावरच्या माणसाला पाकशास्त्र वाचून दाखविणें हा त्यांचाच विनोद.) मीं दिलेल्या बोधांकांनीं त्या तिघांची तीन दिशांना पांगापांग झाली.

शिकविणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "काका, दप्तरखान्यांत मूळचा क्रम मोडायचा नसतो, ग्रंथालयांत वाचकाला सांपडेल असें लावायचें असतें. तुमच्याकडे यांतलें काय आहे, तें आधीं ठरवा."

या प्रश्नाला गुण नव्हते, म्हणूनच तो मला महिनाभर पुरला. रंगनाथन् यांच्या 1931 च्या पांच सूत्रांतलें पहिलेंच सूत्र ग्रंथाचें प्रयोजन उपयोग हें मानतें, आणि कुलूपबंद कपाटासमोर उभें राहिलें कीं त्याची मला लाज वाटे. शेवटीं वडिलांचा क्रम मीं एका वहींत जसाच्या तसा उतरून ठेवला आणि पुस्तकें विखुरलीं. आईचा खण मोडतांना हात थांबला, हें खरें.

शिवणाचें पुस्तक पंधरा दिवसांपासून शेजारच्या इमारतींतल्या एका मुलीकडे आहे. तिचें नांव मीं वडिलांच्याच नोंदवहींत, त्यांनीं आंखलेल्या रकान्यांत लिहिलें. परतीचा रकाना अजून कोरा आहे.