आधी ब्रेक, मग पडदे

ती. बाबांस,



"आधी गाडी पुरती नीट करा, मग काय फिरायचं ते फिरा. अर्धवट गाडी घेऊन कशाला निघता?" दर वेळी फोनवर तुम्ही हे विचारता आणि दर वेळी माझं उत्तर घाईत राहून जातं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आमची ही जीएमसी मोटरहोम १९७६ची, २६ फुटांची. इथेच मिशिगनमध्ये, पाँटिअ‍ॅकला बनलेली. १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं हे मॉडेल निघालं, आणि तेही एकूण तेरा हजारांच्या आतच. ओल्ड्समोबिलचं ४५५ क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-एट इंजिन. ओढ पुढच्या चाकांची. खाली प्रॉपेलर शाफ्ट नाही, मागे डिफरन्शियल नाही, त्यामुळे फ्लोअर इतका खाली की आईला गुडघ्यांचा त्रास न होता चढता येईल. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं, आणि कमानपाट्यांऐवजी हवेचे बेलो. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी इतका विचार करून गाडी बनवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. ती भंगारात जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण 'अर्धवट' म्हणजे कुठवर, ही रेघ आम्ही पहिल्याच हिवाळ्यात आखली. ब्रेक, टायर, पेट्रोलचे पाइप आणि गॅस. हे झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. टायरची नक्षी कोरी करकरीत होती, पण बाजूला छापलेले चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर म्हातारं झालेलं. सगळे बदलले. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे गेले, कारण आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. गॅसचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला. ब्रेकचा होज मात्र तुम्हाला दाखवायला हवा होता. वरून साधी चीरही नाही. काढून मधोमध कापला तर आतलं रबर सुजून भोक इतकं बारीक झालेलं, की त्यातून दाभण जाईना. अशा होजमधून पेडल दाबल्यावर ऑइल कसंबसं पुढे जातं, पण पाय काढल्यावर लवकर मागे येत नाही. ब्रेक धरलेलाच राहतो आणि चाक तापतं. असं दुखणं रस्त्यावर कळेपर्यंत थांबून चालत नाही.

उलट काही दुखणी अशी, की ती रस्त्यावरच बोलतात. अंगणात नळीने कितीही पाणी मारलं तरी आत थेंब येत नव्हता. मॅकिनॉचा आठ किलोमीटरचा पूल ओलांडून आम्ही उत्तरेला निघालो, आणि समोरून पावसाचा मारा लागला. चालत्या गाडीची बॉडी पिळवटते, सांधे किंचित उघडतात, आणि वारा पाणी आत ढकलतो. ओल दिसली पलंगाच्या कोपऱ्यात. बोटाने चाचपत वर गेले, तर पाणी शिरत होतं पुढच्या खिडकीच्या चौकटीतून. मुक्कामाला ती चौकट उतरवली, वाळून खडखडीत झालेलं जुनं सील खरवडलं, ब्युटाइलची टेप लावून पुन्हा बसवली. आधी आतलं फर्निचर आणि पडदे नवे केले असते, तर त्याच पावसात ते सगळं भिजलं असतं.

बाबा, तुम्ही दापोडीच्या वर्कशॉपमधले. तुमच्याकडे एसटीची बॉडी पूर्ण व्हायची, तेव्हाच गाडी फाटकाबाहेर पडायची. तीच शिस्त तुमच्या हाडात आहे, आणि ती चूक नाही. पण डेपोतल्या मेकॅनिकचंही एक शास्त्र होतंच ना? रात्री गाडी बघायची, सकाळच्या फेरीला द्यायची. आमचं काम त्या जातीचं आहे. इथे मी कितीतरी गाड्या पाहिल्या, हौसेने पूर्ण उलगडलेल्या आणि तशाच शेडमध्ये राहिलेल्या. खोकी भरून सुटे भाग, नटबोल्ट कुठले ते कोणाला आठवत नाही. चालवली नाही की सील वाळतात, ब्रेकची सिलिंडरं गंजून धरतात. फिरणं हाही गाडीचा औषधोपचारच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

शिवाय आम्ही साठीला टेकलो. सुपीरिअर सरोवराच्या काठी सकाळी दार उघडून चहा पिण्यासाठी ही गाडी घेतली. तो चहा दुरुस्ती संपेपर्यंत लांबवायची माझी तयारी नाही.

आता थंडी सुरू झाली. पाण्याच्या पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलं, गाडी आत लावली. या हिवाळ्यात फ्लोअरचं काम काढलंय. खाली पाऊण इंची प्लायवूड आहे, दाराजवळ कुजलंय. तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचा विचार आहे. जोडाखाली पट्टी द्यायची की कडा अर्ध्या-अर्ध्या तासून एकावर एक बसवायच्या? आणि कापलेल्या कडांना पाणी लागू नये म्हणून तुम्ही काय लावायचात? रविवारी फोन करते, तोवर आठवून ठेवा. फोटो आईच्या फोनवर पाठवलेत.

तुमची,
माई