ऐरण

गोंगाटाशी माझे जुने वैर आहे. पेटीचा सूरदेखील मला शेजारच्या खोलीतून आलेलाच बरा वाटतो. त्यामुळे परवा चिरंजीवांनी एका रॉक वाद्यवृंदावरचा अनुबोधपट लावला, तेव्हा वर्तमानपत्र उचलून सज्जात जाऊन बसण्याचाच माझा बेत होता. ‘बाबा, दहा मिनिटे बसा, मग जा,’ तो म्हणाला. बसलो, तो शेवटची नावे सरेपर्यंत उठलो नाही.

वाद्यवृंदाचे नाव ‘ॲन्व्हिल’, म्हणजे आपली लोहाराची ऐरण. गाव कॅनडातले टोरांटो. गाणारा स्टीव्ह कडलो, ज्याला सारे ‘लिप्स’ म्हणतात, आणि ड्रम वाजविणारा रॉब राइनर. दोघांचे सख्य पोरवयातले. १९८२ साली त्यांची ‘मेटल ऑन मेटल’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. १९८४ साली जपानमधल्या एका महोत्सवात स्कॉर्पियन्स, बॉन जोव्ही यांच्या पंगतीला हेही होते. पुढे त्या मंडळींच्या तबकड्या लक्षावधींनी खपल्या आणि यांना जग विसरले. असे का व्हावे, याचा समाधानकारक उलगडा चित्रपट करीत नाही. ज्येष्ठतेच्या याद्या चाळण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना तो नसतोच हे वेगळे सांगायला नको.

दिग्दर्शक साशा जर्व्हासी हा तरुणपणी या मंडळींचे सामान वाहत हिंडलेला. २००८ साली त्याने हा पट लोकांपुढे आणला. त्यात लिप्स पन्नाशीला टेकलेला दिसतो. शाळेतल्या मुलांचे जेवण गाडीतून पोचविण्याची नोकरी करतो. युरोपचा दौरा ठरतो, तर आगगाड्या चुकतात. प्रागमधला एक मालक वाजवून घेतो आणि बिदागीला नकार देतो. ट्रान्सिल्व्हेनियात दहा हजारांची सोय असलेल्या सभागृहात श्रोते किती? १७४.

हा आकडा ऐकून चिरंजीव हसले. मला हसू आले नाही.

मी बदलून कोलकात्यात आलो तेव्हा नानांची ओळख झाली. ते तबला वाजवीत, मी गात असे, दोघेही बेताचेच. एका नवरात्रात आमची बैठक ठेवली, तेव्हा सतरंजीवर अकरा माणसे होती आणि त्यांतली चार आमच्याच घरची. परतताना मी म्हणालो, ‘नाना, आता हे हसे पुरे करू या.’ नानांनी मांडीवरची जोडी सावरली. उत्तर दिले नाही. त्याला नऊ वर्षे झाली. अजून आम्ही भेटतो, महागाई भत्त्याविषयी बोलतो.

लिप्सने मात्र थांबण्याचे नाव काढले नाही. बहिणीने पैसे दिले, त्यांवर ही दोघे इंग्लंडात तेरावी ध्वनिमुद्रिका करायला गेली. तिथे भांडण जुंपले. इतके, की आता हे एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत असे वाटावे. मग लिप्स रडला, मनातले सगळे बोलला, आणि रॉब राहिला. मला सबंध चित्रपटात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. अखेरीस जपानमधून पुन्हा बोलावणे येते, पण वाजविण्याची वेळ सकाळी साडेअकराच्या सुमाराची. त्या वेळी येणार कोण, या धास्तीने दोघे मंचाकडे चालतात; आणि सभागृह भरलेले असते. लोकांना हाच शेवट आवडला असणार. माझे मन भांडणाच्या प्रसंगापाशीच रेंगाळले होते.

रात्री उशिरा नानांना फोन लावला.

‘वाजवता का अजून?’

‘उजव्याची पुडी गेली हो,’ ते म्हणाले. ‘बदलीन म्हणतो, राहून जाते.’

‘बदलून घ्या. रविवारी चारला येतो.’

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग नानांनी विचारले, ‘पट्टी तीच ना, काळी एक?’