पट्टी बोलते!

न नोंदवता पुस्तक बाहेर निघालं की दार बोंबलतं, हे कधी पाहिलंय? मी पाहिलं, अंबाजोगाईत, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय!

कॅमेरा नाही, बारकोडही नाही. ग्रंथपाल मॅडमनी बांधणी सुटलेलं एक पुस्तक उलगडून दाखवलं. पानांच्या सांध्यात चिकटवलेली जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची धातूची पट्टी. ना बॅटरी, ना वायर!

दारातल्या दोन खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतं. पट्टी इतकी हळवी, की दर पालटीला तीही झटक्यात पलटते आणि त्या झटक्यातून मूळ कंपनांच्या कितीतरी पट वेगाच्या लहरी उमटतात. खांब नेमक्या त्याच टिपतात! किल्ल्यांचा जुडगा असा झटक्यात पलटत नाही, म्हणून तो सहसा सुटतो.

मग रीतसर घेतलेलं पुस्तक? इथे तर मी उडालोच! पट्टीवर जरा हट्टी धातूचे तुकडे बसवलेले असतात. देवघेवीच्या टेबलावर पुस्तक एका यंत्रावरून सरकवलं, की ते तुकडे चुंबक होतात आणि पट्टीला जखडून ठेवतात. बैलाच्या घंटेचा लोलक बांधून टाकावा तसं! पुस्तक परत आलं की चुंबकत्व उतरवायचं, पट्टी पुन्हा बोलायला मोकळी. ही युक्ती अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने १९७०च्या सुमारास बाजारात आणली.

आता तर आरएफआयडी आलंय, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारी चिप. १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतूनच वीज घेऊन चिप जागी होते आणि पुस्तक इश्यू झालंय की नाही ते सांगते. मात्र धातूच्या वर्खात गुंडाळली, की तीही मुकी!

याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा ग्रंथ लिहिला तो पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर. ती पिशवीत घालून कोण नेणार? आमची पुस्तकं मात्र सहज काखेत मावणारी, म्हणून पूर्वी कुलपात असायची. चिठ्ठी द्यायची, शिपाई आणेल ते घ्यायचं. दाराला कान आले आणि कपाटांची कुलपं निघाली! आता हवं ते पुस्तक स्वतः उपसायचं, चाळायचं, नाही रुचलं तर शेजारचं काढायचं. चोरासाठी बसवलेल्या यंत्राचा खरा फायदा झाला तो आम्हा वाचणाऱ्यांचा!