गाव कुठंय?

पुण्याहून आलेली मंडळी कॅनबेरात शिरली की अर्ध्या तासात हमखास विचारतात, "अरे, पण गाव कुठंय?" रस्ता, झाडं, पुन्हा झाडं. सिडनीचं ऑपेरा हाऊस बघून आलेल्यांना हे अगदीच मिळमिळीत वाटतं!

म्हणून हल्ली मी पाहुण्यांना आधी ८४३ मीटर उंचीच्या माउंट एन्स्लीवर नेतो. वरून सगळं उलगडतं. पायथ्याशी युद्धस्मारक, तिथून नाकासमोर अ‍ॅन्झॅक परेड, तळं, जुनं संसद भवन, आणि त्यामागे टेकडीत अर्धं खुपसलेलं १९८८ चं नवं. १९१२ मध्ये स्पर्धा जिंकणाऱ्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनने शहर असं डोंगराच्या रेषेत बसवलं. स्पर्धेसाठीची चित्रं मात्र त्याच्या बायकोची, मॅरियनची. त्यात याच डोंगरावरून दिसणारा देखावा आहे, शहर नसताना काढलेला! ग्रिफिन सरकारी बाबूंशी भांडून १९२० मध्ये बाहेर पडला, १९३७ मध्ये चक्क लखनौला वारला. त्याच्या नावाचं तळं भरलं १९६४ मध्ये. असो.

परवा काकू म्हणाल्या, "घराला लागून जंगल, काय भाग्य रे!" मग त्यांना २००३ चा जानेवारी सांगितला. पश्चिमेकडून वणवा थेट वस्तीत घुसला. चार माणसं गेली, सुमारे पाचशे घरं जळाली. जळलेल्या पाइनच्या जागेवर आता राष्ट्रीय वृक्षोद्यान आहे.

काकू गप्पच झाल्या. उतरताना कांगारू दिसले, तरी मोबाईल पर्समध्येच.

"तुझं घर कुठल्या बाजूला रे?"

"पश्चिमेला."